मनोविकार आणि वंशावळ: एका शतकाच्या शोधाचा आढावा

नाशिकच्या रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी जाऊन गाव, आडनाव आणि जात सांगितली, की तिथले तीर्थोपाध्याय बाड सोडतात. पणजोबा कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, भाऊ किती होते, हे त्या नामावळीत निघते. जुन्या पानांवर मोडीतली अक्षरे असतात. घराण्याच्या कित्येक पिढ्या अशा बांधून ठेवलेल्या फार थोड्या समाजांत सापडतील. मात्र या वंशावळीत दोन मोठ्या उणिवा आहेत. एक तर ती बापाकडून मुलाकडे चालते. आजोळ आणि लग्न होऊन गेलेल्या मुली तिच्यात अभावानेच येतात. दुसरे म्हणजे कोण कशाने आजारी होते, हे तिच्यात नसते. एखादे काका 'घर सोडून गेले', एखादी आत्या 'माहेरीच राहिली', एवढे तोंडी मागे उरते आणि पुढच्या पिढीत तेही पुसले जाते.

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर झाला, की हीच वंशावळ दोन ठिकाणी उघडली जाते. पहिले ठिकाण त्र्यंबकेश्वर. पूर्वजांचे काही राहून गेले असेल म्हणून तिथे तीन दिवसांचा नारायण नागबळी होतो. दुसरे ठिकाण मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी. तिथे केस पेपरवर एक ठरलेला प्रश्न असतो: घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? बहुतेकदा उत्तर चटकन येते, "नाही, आमच्याकडे कुणालाच नाही." आणि मग निघताना, दाराशी, खरा प्रश्न निघतो: "धाकट्यालाही होईल का?" किंवा "मुलीचे स्थळ बघतोय, सांगायचे का?"

या प्रश्नांवर विज्ञान शंभरहून अधिक वर्षे काम करते आहे. त्यातून आजवर हाती आलेले थोडक्यात असे: या आजारांत वंशाचा वाटा मोठा आहे, पण त्यावरून कोणत्याही एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. आणि जे थोडेफार सांगता येते, ते आपल्या माणसांवर पुरेसे तपासलेलेच नाही.

सुरुवातच वाईट झाली

मनोविकारांच्या आनुवंशिकतेचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍युडिन याने १९१६ साली प्रसिद्ध केला. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या आजाराच्या रुग्णांची भावंडे त्याने मोजली. मेंडेलच्या वाटाण्यांत दिसणारे साधे प्रमाण त्याला सापडले नाही. शास्त्रज्ञाने इथे थांबून विचार करायला हवा होता. र्‍युडिन मात्र 'सदोष' वंश थांबवण्याच्या मोहिमेत शिरला. जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यातील आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, उन्माद-अवसाद म्हणजे आजचा बायपोलरही होता, आणि त्या कायद्याचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत र्‍युडिन होता. सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. पुढे रुग्णांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली. जर्मनीत नसबंदी किंवा हत्या झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची संख्या २०१० मधील एका अभ्यासाने दोन लाख वीस हजार ते दोन लाख सत्तर हजारांच्या दरम्यान धरली आहे.

या भयानक प्रकाराचा शास्त्रीय निकालही लागला. रुग्णांची जवळजवळ अख्खी पिढी नाहीशी करूनही युद्धानंतरच्या जर्मनीत स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण येतच राहिले, त्यांचे प्रमाण घटले नाही. रुग्णांना मुले होऊ दिली नाहीत की आजार संपेल, हे गृहीतकच खोटे ठरले.

हा किस्सा आपल्यापासून दूरचा वाटत असेल, तर १९२७ हे साल आठवावे. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल या खटल्यात सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजननाची कैसर विल्हेल्म संस्था उघडली. त्याच वर्षी आपले लोकप्रिय कादंबरीकार ना. सी. फडके यांनी सुप्रजाजननाच्या दृष्टीने संततिनियमनाचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक काढले आणि र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले. 'चांगली प्रजा' हा तेव्हा पुरोगामी मंडळींच्याही आवडीचा विषय होता.

बर्लिनच्या त्याच संस्थेत संचालक ऑयगेन फिशर याच्या हाताखाली र. धों. कर्व्यांच्या भावजय इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट केली. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असे फिशरचे मत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, केवळ मोजमापाच्या आधारावर. आनुवंशिकतेच्या अभ्यासात प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. त्यांचे नाव या आढाव्यात पुढे पुन्हा येईल.

टक्क्यांचा घोळ

युद्धानंतर ही शाखा बदनाम झाली. ती पुन्हा उभी राहिली ती मुख्यतः जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवर. एकसारख्या जुळ्यांत डीएनए जवळपास शंभर टक्के सारखा असतो, तर वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत साधारण निम्मा. दोन्ही प्रकारांत आजाराची जोडी किती वेळा जमते, याची तुलना केली की वंशाचा वाटा काढता येतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतील ३१ हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवरील अभ्यास २०१८ मध्ये आला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्के निघाले. वेगळ्या जुळ्यांत ते ७ टक्के होते. त्यावरून आनुवंशिकतेचा आकडा आला ७९ टक्के. बायपोलर आणि स्वमग्नता यांचेही आकडे असेच मोठे आहेत. नैराश्याचा त्यांच्या निम्म्याच्या आसपास, सुमारे ३७ टक्के.

इथेच बहुतेकांची गफलत होते. '८० टक्के आनुवंशिक' म्हटले की रुग्णाच्या मुलाला ८० टक्के धोका, असे वाटते. त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. एका समाजात काहींना आजार होतो आणि काहींना होत नाही. या फरकाचा किती भाग डीएनएतील फरकाशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. तो समाजाचा असतो, तुमच्या मुलाचा नव्हे. मुलाचा आकडा वेगळा काढावा लागतो. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. सख्ख्या भावंडाला असेल तर ती सुमारे ९ टक्के, आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर १३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे धोका दहापट वाढतो, हे खरे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की रुग्णाच्या शंभर मुलांपैकी जवळपास नव्वदांना हा आजार होत नाही. शिवाय एकसारख्या जुळ्यांतही तीनपैकी दोघे सुटतात. डीएनए तोच असूनही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. स्किझोफ्रेनियाच्या बहुसंख्य रुग्णांच्या आई-वडील-भावंडांत तो आजार कुणालाच नसतो. तेव्हा 'आमच्याकडे कुणालाच नाही' हे उत्तर पुष्कळदा खरेही असते. त्यावरून आजार 'बाहेरचा' आहे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

एका जनुकाच्या मागे

आजार घराण्यात चालतो, तर त्याचे जनुक सापडेल, अशी १९८० आणि ९० च्या दशकांतली आशा होती. स्कॉटलंडमधील एका मोठ्या कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदललेले होते आणि त्या कुटुंबात अनेक मनोरुग्ण होते. त्यातून 'डिस्क-१' हे जनुक प्रकाशात आले. नैराश्यासाठी सेरोटोनिनची वाहतूक करणाऱ्या जनुकाचा 'आखूड' प्रकार गाजला. २००३ मधील एका निबंधाने सांगितले, की तो प्रकार असलेल्यांवर आयुष्यात आघात झाले तर नैराश्य जास्त येते. ही कल्पना इतकी सुबक होती, की तिच्यावर शेकडो निबंध निघाले.

२०१९ मध्ये नैराश्याशी जोडलेली १८ गाजलेली जनुके लाखो लोकांच्या माहितीवर तपासली गेली. एकही टिकले नाही. कुठलीही १८ जनुके डोळे मिटून उचलली असती, तर त्यांची कामगिरी यांच्यापेक्षा वाईट झाली नसती. जुने अभ्यास शे-दोनशे, फार तर हजार-दोन हजार रुग्णांचे होते. परिणाम सूक्ष्म असेल, तर एवढ्या नमुन्यात तो दिसत नाही, आणि जे दिसते ते योगायोगाचे असते. दोन दशकांचे काम असे मोडीत निघाले. ते मोडीत काढले याच शाखेच्या लोकांनी, ही तिची जमेची बाजू.

लाखांचा हिशेब

उपाय एकच होता: नमुने एकत्र करणे. २००७ मध्ये अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून सायकिअ‍ॅट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियम स्थापन केले. एखादे जनुक आधी मनात न धरता संपूर्ण जीनोमवर लाखो ठिकाणी रुग्ण आणि निरोगी लोकांची तुलना करायची, ही त्यांची पद्धत. २०१४ मध्ये ३६,९८९ स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि १,१३,०७५ इतर लोक यांच्यावरून जीनोममधील १०८ जागा निश्चित झाल्या. २०२२ पर्यंत रुग्ण ७६,७५५ झाले आणि जागा २८७. २०२५ च्या आरंभी बायपोलरच्या दीड लाखांहून अधिक रुग्णांवरून २९८ जागा मिळाल्या. त्याच वर्षी नैराश्याच्या ६,८८,८०८ रुग्णांचा, २९ देशांतला अभ्यास आला आणि जवळपास ७०० फरक हाती लागले.

या आकड्यांतून तीन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे, यातला एकेक फरक धोका जेमतेम काही टक्क्यांनी वाढवतो आणि तो समाजात सर्रास आढळतो. तुमच्या-माझ्यात, शेजाऱ्यात, डॉक्टरांत, स्थळ नाकारणाऱ्या घरातही असे शेकडो फरक आहेत. कुणाकडे थोडे जास्त, कुणाकडे थोडे कमी. 'त्या घराण्यात आहे आणि आमच्यात नाही' अशी रेघ जीनोममध्ये कुठेच ओढता येत नाही.

दुसरी गोष्ट, आजारांच्या सीमा जीनोमला मान्य नाहीत. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्या मागची जनुके मोठ्या प्रमाणात सामाईक निघाली. आठ मनोविकार एकत्र पाहणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात १०९ जागा एकापेक्षा जास्त आजारांशी जोडलेल्या निघाल्या. एकाच घरात आजोबांना उदासी, काकूंना बायपोलर आणि नातवाला स्किझोफ्रेनिया दिसतो, त्याचे कोडे इथे थोडे उलगडते.

तिसरी गोष्ट, काही ठिकाणी यंत्रणाही दिसू लागली. २०१६ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह मॅककॅरोल यांच्या गटाने सहाव्या गुणसूत्रावरील 'सी-४' या जनुकाचा छडा लावला. जंतूंवर खूण करून त्यांना नष्ट करायला मदत करणे, हे त्याचे शरीरातले जुने काम. मेंदूत तेच प्रथिन चेतापेशींमधल्या जोडण्यांवर खूण करते आणि खूण झालेल्या जोडण्या छाटल्या जातात. किशोरवयात मेंदूची अशी छाटणी सर्वांच्याच बाबतीत होते. सी-४ चे जास्त प्रथिन तयार करणाऱ्यांत ती गरजेपेक्षा जास्त होत असावी, असे हे संशोधन सुचवते. हा आजार सोळा ते पंचविसाच्या वयात का डोके वर काढतो, याचा एक धागा त्यातून मिळतो. पण सी-४ मुळे वाढणारा धोकाही थोडाच आहे.

याच्या उलट, काही दुर्मीळ बदल मोठा धोका घेऊन येतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर जन्मजात हृदयदोष, टाळूचे दोष आणि शिकण्यातल्या अडचणी दिसतात. अशा साधारण चारातल्या एका व्यक्तीला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. २०२२ मध्ये 'सेटडी-१-ए' धरून अशी दहा जनुके निश्चित झाली. मात्र एकूण रुग्णांत असे बदल सापडणारे फार थोडे.

आपली माणसे कुठे आहेत?

इथवरच्या सगळ्या आकड्यांत एक मोठी पोकळी आहे. २०२२ च्या स्किझोफ्रेनिया अभ्यासाचा मुख्य भाग युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांवर उभा होता. हजारो फरकांची बेरीज करून व्यक्तीचा जो 'धोक्याचा गुणांक' काढतात, तो युरोपीय माहितीवर बेतलेला असेल, तर दक्षिण आशियाई लोकांत त्याची अचूकता सरासरी ३७ टक्क्यांनी कमी भरते, असे २०१९ मधील एका विश्लेषणात दिसले. अशा गुणांकाची चाचणी नाशिकमध्ये विकली गेली, तर तिचा निकाल परक्या मापाचा असेल.

ही पोकळी भरण्याचे भारतातले सर्वांत चिवट काम ज्यांच्या भोवती उभे राहिले, त्यांत दोन मराठी नावे आहेत: पिट्सबर्ग विद्यापीठातील विश्वजित निमगावकर आणि तेव्हा दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात असलेल्या स्मिता देशपांडे. दिल्ली विद्यापीठाच्या बी. के. थेल्मा यांची जनुकशास्त्राची प्रयोगशाळा त्यांच्या जोडीला. या कामाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही, ती प्रश्नावलीपासून झाली. जनुकीय अभ्यासासाठी रुग्णाची आणि कुटुंबाची जी प्रदीर्घ मुलाखत घेतात, तिचा हिंदी नमुना तयार करून, तो वापरण्याजोगा आहे हे तपासून, त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. हे काम नीरस वाटते, पण त्यावाचून पुढचे काहीच शक्य नसते. दिल्लीत ज्याला स्किझोफ्रेनिया म्हटले, त्यालाच पिट्सबर्गमध्ये स्किझोफ्रेनिया म्हणतील, ही खात्री आधी हवी.

पुढे याच गटाने एका उत्तर भारतीय कुटुंबाच्या जीनोमचे वाचन केले. कुटुंबात एकापेक्षा अधिक रुग्ण होते आणि 'टार-१' या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात एक दुर्मीळ बदल सापडला. मेंदूतील डोपामिनच्या नियमनाशी संबंध असल्याने टार-१ कडे औषध कंपन्यांचे आधीच लक्ष होते आणि त्यावर काम करणारे एक नवे औषध चाचण्यांत होते. २०२३ मध्ये त्या औषधाच्या दोन अंतिम टप्प्यातील चाचण्यांत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. जनुक सापडले की औषध तयार, हा रस्ता एवढा सरळ नाही, हे यातून दिसते.

निमगावकरांचा आणखी एक अभ्यास मराठी वाचकाला जवळचा वाटेल. इजिप्तमधील मन्सूरा येथील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नात्यातल्या लग्नांचा प्रश्न घेतला. केवळ तोंडी माहितीवर न विसंबता डीएनएच्या खुणांवरून आई-वडिलांचे नाते मोजले. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या आई-वडिलांत रक्ताचे नाते असण्याचे प्रमाण जास्त निघाले. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आहे. तिचे सविस्तर वर्णन इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. असा अभ्यास करायला इथल्यासारखी जागा दुसरी कोणती?

नात्यातली लग्ने हा प्रश्नाचा एक भाग. दुसरा भाग जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांचा. इरावतीबाई आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या या गटांत बेटीव्यवहार नव्हता, म्हणून त्यांना स्वतंत्र जैविक गट समजून मोजता आले. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, हैदराबादच्या के. थंगराज आणि हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांच्या गटाने २६० हून अधिक दक्षिण आशियाई गटांचे डीएनए तपासले. त्यांपैकी ८१ गट इतक्या मोजक्या पूर्वजांपासून वाढले होते, की फिनलंडचे लोक आणि पूर्व युरोपीय ज्यूही त्या बाबतीत मागे पडले. अशा गटांत दुर्मीळ दोष एकवटतात, आणि ते शोधणेही त्यामुळे सोपे जाते. आपल्या जातिव्यवस्थेने आपल्याला दिलेले हे ओझे आहे. त्याचा अभ्यास आपणच करायला हवा.

बाकी देशात काम सुरू आहे. चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने ऑस्ट्रेलियातील ब्रायन माउरी यांच्याबरोबर तमिळनाडूत केलेल्या संपूर्ण जीनोमच्या अभ्यासात २०१९ मध्ये नायसिन या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी संबंधित जनुक पुढे आले. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये एकाच घरात अनेक मनोरुग्ण असलेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा होतो आणि त्यांच्या रक्तातून मूलपेशी घडवून चेतापेशी वाढवल्या जातात. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ लोकगटांतील सुमारे दहा हजार जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. ती निरोगी लोकांची आहे. तिच्याशी ताडून पाहायला रुग्णांचे नमुने अजून हवे आहेत. महाराष्ट्राची स्थिती याहून बिकट. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे जनुके राहू द्या, साधी रुग्णसंख्याही आपण शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशावरून ताडत होतो.

जनुकांपलीकडे

एकसारख्या जुळ्यांपैकी दुसरा सुटतो, तो कशाने? गरोदरपणातील आणि बाळंतपणातील अडचणी, लहानपणीचे आघात, कोवळ्या वयातला गांजा आणि स्थलांतर यांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध अनेक देशांत दिसला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा उंदरांवर हाच प्रश्न विचारते: पिलाला सुरुवातीच्या दिवसांत आईपासून वेगळे ठेवले, तर मोठेपणी त्याच्या मेंदूत आणि वागण्यात काय उरते? उत्तर असे, की बरेच काही उरते, आणि त्यात सेरोटोनिनच्या यंत्रणेचा हात असतो. अनुभव जनुकांचा मजकूर बदलत नाही, पण कोणते जनुक किती काम करील, हे बदलू शकतो.

यातली काही कारणे आपल्या हातातली आहेत. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर सुरक्षित बाळंतपण, कॉलेजच्या वयातल्या मुलाला गांजापासून लांब ठेवणे, मारहाण नसलेले घर, यांना कुठल्याही जनुकीय चाचणीची गरज नाही.

दवाखान्यात आज काय उपयोग?

थोडा आहे, पण नेमका आहे. कार्बामाझेपिन हे औषध अपस्मार आणि बायपोलर या दोन्हींत वापरतात. एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना त्याने त्वचा सोलून निघण्याची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांबाबत तसा इशारा दिला आणि भारतीय रुग्णांतही हा संबंध आढळला आहे. मुलाला जन्मजात हृदयदोष, टाळूचा दोष आणि सोबत मनोविकार असेल, तर बाविसाव्या गुणसूत्राची तपासणी करणे रास्त आहे.

याउलट 'तुमच्या मुलाला स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता किती' हे सांगणारी चाचणी आज निदानाच्या कामाची नाही. परदेशात काही कंपन्या भ्रूणांचे असे गुणांक विकतात. आपल्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गर्भाच्या चाचण्या ठरावीक विकारांपुरत्या मर्यादित केल्या आहेत. या क्षेत्रात देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला होता. जाहिरात मराठीत येईल, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

कायदा, लग्न आणि लाज

र्‍युडिनची छाया आपल्या कायद्यांवरून पुरती गेलेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये, लग्नाला आणि संतती होण्याला 'अयोग्य' ठरवणाऱ्या मानसिक विकाराचा उल्लेख आजही आहे. याच कलमातून अपस्मार १९९९ मध्ये वगळला गेला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्किझोफ्रेनिया हे नुसते नाव घटस्फोटाला पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढली गेली. कारण दिले होते पाळीच्या स्वच्छतेचे. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराचा उपचार म्हणून नसबंदी करण्यावर स्पष्ट बंदी घातली आणि इतर आजारांप्रमाणे मनोविकारांनाही विमा देणे बंधनकारक केले.

कायद्यापेक्षा पुढे गेली ती काही कुटुंबे. मूळचे धुळ्याचे, कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवले नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, रुग्ण आणि नातेवाइकांचे स्वमदत गट सुरू झाले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. 'मलाही होईल का' या प्रश्नापेक्षा 'याचे आता काय करू' हा प्रश्न घराला जास्त घेरतो, हे वाणींना अनुभवाने माहीत होते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग करायचे काय?

राज्यातील आरोग्यविज्ञानाची महाविद्यालये ज्याच्याशी जोडलेली आहेत, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. संलग्न महाविद्यालयांच्या मनोविकार ओपीडीत कुटुंबाचा आजार-इतिहास एकाच मराठी नमुन्यात, आईकडची आणि वडिलांकडची बाजू धरून, रुग्णाच्या संमतीने आणि गुप्तता राखून नोंदवायचे या विद्यापीठाने ठरवले, तर दहा वर्षांत मराठी समाजाचा असा संग्रह तयार होईल, की जगातल्या संशोधकांना तो मागायला यावे लागेल. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. देशपांडे आणि निमगावकर यांनीही सुरुवात प्रश्नावलीनेच केली होती.

आणि वाचकांसाठी: केस पेपरवरच्या त्या प्रश्नाला खरे उत्तर द्या, आजोळसुद्धा धरून. डॉक्टरांना त्यातून औषध निवडायला मदत होते. सुनेच्या माहेरावर किंवा सासूच्या घराण्यावर खापर फोडू नका, कारण जनुकशास्त्रात त्याला आधार नाही. लग्न ठरवताना आजार लपवू नका. घरात तो कुणाला आहे, तेवढ्यावरून स्थळ नाकारूही नका. त्र्यंबकला जायचे असेल तर जा, पण गोळ्या बंद करून जाऊ नका. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार उपचारांची गरज असलेल्यांपैकी आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. कोणत्याही जनुकापेक्षा हा आकडा जास्त घरे उद्ध्वस्त करतो. घरातल्या कुणाची झोप उडाली असेल, कानात आवाज येत असतील, संशय वाढला असेल, तर सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत जा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर आजच फोन करा.